वेश्याव्यवसायास सरकारी परवाना असावा काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस लोहगडवाडीस एका घरी सायंकाळच्या प्रार्थनेसाठी आम्ही जमलो होतो. गडावरून उतरलेल्या सहलकरूंच्या मोटारी मळवलीकडे ओळीने चालल्या होत्या. प्रार्थनेपूर्वी बोलणे निघाले ते अलीकडे ह्या भागात भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांचे. तेथे कोण उतरते, कोणास बरोबर आणते, हे राखणदाराने पाहूनही पाहू नये अशी रीत पडली आहे. अशाच एका बंगल्याची राखण करणारा आमचा एक तरुण बंधू म्हणाला, “दारूच्या दुकानाला सरकार परवाना देते, मग ह्याही धंद्याला देऊन टाकावा. बाईची डॉक्टरी तपासणी होईल, हप्ते बंद होतील, आणि चोरून चालते ते उघड्यावर तरी येईल.” कोणी उत्तर दिले नाही. उपदेशकांनी घाईने गीत काढले व विषय तेथेच राहिला. गीत काढल्याने असे प्रश्न मिटत नाहीत, म्हणून त्याचा विचार येथे करू.

हा प्रश्न निर्लज्जपणाचा नव्हे. पुष्कळ विचारी व दयाळू माणसांनी तो विचारला आहे. आणि आपल्या देशात त्याचा प्रयोगही एकदा होऊन गेला आहे. सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याचा मुख्य हेतू गोऱ्या शिपायांस गुप्तरोगांपासून वाचविणे हा होता. त्या कायद्याने वेश्येचे नाव सरकारी वहीत चढे, तिला तिकीट मिळे, ठरलेल्या मुदतीने तिची सक्तीने तपासणी होई, आणि रोग आढळल्यास बरी होईपर्यंत तिला इस्पितळात कोंडून ठेवीत. लष्करी छावण्यांत तर ह्या तऱ्हेची इस्पितळे कायद्याच्याही पूर्वीपासून होती. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये अमलात आला, दोन वर्षांत बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला. नोंदणी चुकविण्यासाठी बाया लपत, वस्ती बदलीत; त्यामुळे जे उघड्यावर यावयाचे ते अधिकच अंधारात गेले.

इंग्लंडातही असेच कायदे होते. जोसेफीन बटलर ह्या ख्रिस्ती बाईंनी वर्षानुवर्षे शिव्याशाप सोसून त्यांविरुद्ध चळवळ केली, आणि १८८६ मध्ये ते रद्द झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील लष्कराच्या वरिष्ठ कचेरीतून एक परिपत्रक निघाले, त्यात पलटणींच्या बाजारांत पुरेशा बाया असाव्यात व त्या दिसावयास बऱ्या असाव्यात अशी सूचना होती! लष्कराच्या सामानाची यादी करावी तसे हे लिहिणे. ते उघडकीस आल्यावर विलायतेत गदारोळ झाला व १८८८ मध्ये येथला कायदाही गेला. तरी एलिझाबेथ अँड्र्यू व केट बुशनेल ह्या दोन अमेरिकन भगिनी १८९१-९२ मध्ये उत्तरेकडील छावण्या हिंडल्या तेव्हा जुना प्रकार चालूच असल्याचे त्यांस आढळले. प्रथम त्यांस खोटे ठरविण्यात आले. परंतु १८९३ मध्ये माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांस जाहीर क्षमा मागावी लागली.

ह्या सर्व इतिहासात एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. वहीत नाव चढले ते बाईचे. तिकीट तिला, कोंडणेही तिलाच. जो पैसे देऊन आला त्याचे नाव ह्या वहीत कोठेच नव्हते. आमच्या तरुण बंधूनेही, भल्या मनाने का होईना, “बाईची तपासणी” असेच म्हटले. पुरुषाच्या तपासणीचे त्यास सुचले नाही, आणि ऐकणाऱ्या आम्हांसही ते खटकले नाही.

उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातील यहूदाची गोष्ट आपण मंडळीत क्वचितच वाचतो. वाटेवर बसलेल्या स्त्रीस वेश्या समजून तो तिच्याजवळ गेला. पुढे आपली विधवा सून तामार गर्भवती आहे असे कळताच तिला बाहेर काढून जाळा असा हुकूम त्यानेच दिला. तिने फक्त त्याची मुद्रा, गोफ व काठी त्याच्याकडे पाठविली. गिऱ्हाइकाची ओळख पटविणाऱ्या त्या तीन वस्तू तिने राखून ठेवल्या नसत्या, तर न्याय झाला असे सर्वांस वाटले असते, आणि तामारेची राख झाली असती. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तामारेचे नाव घातले आहे, आणि राहाबेचेही.

दारूच्या परवान्याचा दाखला वरवर पटतो. परंतु बाटलीत माणूस नसतो. सरकारने दुकानास परवाना दिला म्हणजे एका वस्तूच्या विक्रीस दिला. ह्या धंद्यास दिला म्हणजे भुकेने, कर्जाने किंवा फसवणुकीने तेथे येऊन पडलेल्या मुलीच्या विक्रीवर शिक्का मारला. सर्वच जणी फसवून आणलेल्या असतात असे आम्ही म्हणत नाही. पण जी फसवून आणलेली आहे तिच्या हाती तिकीट असले, तर ते तिच्या राजीखुशीचा पुरावा म्हणून दाखविले जाईल.

मग बंदी व धाडी हाच उपाय काय? येथे आमच्या मंडळींचा उत्साह आम्हांस पुरता मान्य नाही. १९१७ साली मुंबईत अकूताई नावाच्या स्त्रीचा कुंटणखान्यात छळ होऊन मृत्यू झाला. त्या खटल्याने शहर हादरले, आणि पुढे १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा कायदा झाला. कायदा हवाच होता. आजचा कायदा १९५६ चा, १९८६ मध्ये सुधारलेला. कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे हे त्याने गुन्हे ठरविले आहेत. सज्ञान स्त्रीने स्वतः हा व्यवहार करणे हा तेवढ्यानेच गुन्हा होत नाही. तरी धाड पडते तेव्हा दलाल मागील दाराने जातो आणि बाई गाडीत बसते, हे पेठांतून राहणारा कोणीही सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांस मोकळे केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा स्त्रियांसही इतरांप्रमाणे मानाने वागवावे, पोलिसांनी त्यांचा छळ करू नये, असे बजावले. न्यायालयाने धंद्यास परवाना दिला असे जे काही ठिकाणी बोलले जाते ते खरे नव्हे. शिक्षा न करणे वेगळे आणि परवाना देणे वेगळे.

सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील बाया तर स्वतःच बोलतात. आमचे काम गुन्हा मानू नका, आणि आमच्यावर दया म्हणून आम्हांस कोंडूही नका, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे सर्व म्हणणे आम्हांस स्वीकारता येत नाही. देह हे देवाचे मंदिर असे मानणाऱ्यास विक्री ही इतर मजुरीसारखीच मजुरी आहे असे म्हणता यावयाचे नाही. परंतु कोंडण्याविषयी त्या म्हणतात ते बटलरबाईही म्हणत होत्या. परदेशांतही ह्याविषयी एकमत नाही. जर्मनीने २००२ मध्ये धंद्यास कायद्याची मान्यता दिली व २०१७ मध्ये बाईची नोंदणी व दाखला सक्तीचा केला. पुष्कळ जणी नोंदणीस गेल्याच नाहीत. स्वीडनने १९९९ मध्ये घेणाऱ्यास गुन्हेगार ठरविले, देणारीस नाही. त्याने धंदा अधिक लपतो अशी तक्रार आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही. तरी यहूदाच्या काठीची आठवण ठेवणारा कायदा म्हणून आमचा कल तिकडे आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावास मुक्तिसदनाच्या आवारात अशा स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. त्यांच्या आश्रमात शिक्षणाबरोबर हातास कामही मिळे; रमाबाईंचे बायबलाचे भाषांतर तेथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले.

आणि आम्ही? आमच्या एका मंडळीत काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई परत आली. तिने सर्वांसमोर उभे राहून पाप कबूल करावे, मगच प्रभुभोजनास बसावे, असे वडिलांनी ठरविले. ती उभी राहिली. तिच्याकडे पूर्वी जाणारा एक गृहस्थ पुढल्याच बाकावर बसला होता. हे तीन वडिलांस ठाऊक होते आणि आम्हांसही. आम्ही बोललो नाही. तिसऱ्या रविवारानंतर ती आली नाही. मंडळीच्या पटात तिच्या नावावर आडवी रेघ आहे, त्याचे नाव स्वच्छ आहे, आणि दरवर्षी त्यापुढे वर्गणी चढते. वडीलसभेच्या पुढील बैठकीत तो पट उघडून त्या पानाविषयी बोलावे असे आम्ही कळविले आहे.