हॉटेल कोणासाठी निवडायचे?

कुणाचा निकाल, कुणाचा वाढदिवस एवढे निमित्त धरून धुळ्यातले एखादे कुटुंब रात्री बाहेर जेवायला निघाले की वाद ठरलेला असतो. थोरले म्हणतात, महामार्गावरच्या ढाब्यावर जाऊ, शेवभाजी आणि गरम भाकरी खाऊ. धाकट्यांना चायनीज हवे असते, आणि तेही गाडीवरचे नव्हे. दिवे, गाणी, गलका असलेल्या हॉटेलातले. या भांडणात थोरल्यांची बाजू संस्कृतीची आणि धाकट्यांची चैनीची, असे आपण न बोलता धरून चालतो. हे वाटप मला मान्य नाही. कुटुंबासाठी हॉटेल निवडायचे तर पदार्थ कुठल्या मुलखाचा हे नंतर पाहावे. आधी पाहावे ते तिथे कुटुंबातले कोण मोकळे होते. या कसोटीवर अर्धे चिनी, अर्धे पंजाबी आणि तोंडी लावायला एखादी थाई करी ठेवणारे गजबजलेले हॉटेल ढाब्यापेक्षा सरस ठरते.

खानदेशात घराबाहेर जेवण्याची परंपरा मोठी आहे, पण ती प्रामुख्याने पुरुषांची. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात, पातीचा कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे पडतात, मित्रमंडळी रात्र जागवते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे ढाबे उदंड. त्यांचे खरे गिऱ्हाईक मात्र ट्रकवाले, व्यापारी आणि गावातली दोस्तकंपनी. बायका-मुले आली की त्यांना पडद्याआडच्या ‘फॅमिली रूम’कडे नेले जाई. पाटीवर एका बाजूला ‘परमिट रूम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फॅमिली’ असे लिहिलेले असते, त्यातच कुटुंब ही वेगळी सोय करून सांभाळायची गोष्ट आहे हे आले. आणि घरची बाई त्या फॅमिली रूममध्ये बसली तरी मनाने चुलीपासून सुटत नाही. पुढ्यात आलेली शेवभाजी तिच्याच हातच्या शेवभाजीशी ताडून पाहिली जाते. मसाला कच्चा राहिला, तर्री नुसती तेलाची आहे, घरी याहून बरी होते, ही तिची स्तुती खरी. पण त्या स्तुतीने तिला पुन्हा स्वयंपाकघरातच नेऊन बसवलेले असते.

मंचुरियनला अशी तुलना चिकटत नाही. कोबी-गाजराचे गोळे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळायचे, आले-लसूण-मिरचीवर सोया सॉस ओतून मोठ्या आचेवर परतायचे. आजीच्या हातचे मंचुरियन असे खानदेशात काही नसते. त्यामुळे टेबलावर कुणीही जाणकार नाही आणि कुणीही यजमान नाही. त्यातल्या त्यात माहीतगार असतो तो बारा वर्षांचा मुलगा, आणि ट्रिपल राईस म्हणजे काय हे तो आजोबांना समजावून सांगतो. घरात हा क्रम सहसा उलटा असतो. ‘वन बाय टू’ मंचाव सूप मागवून सासू-सून एकाच सूपाच्या दोन वाट्या करतात; मधोमध ठेवलेल्या ड्राय मंचुरियनमध्ये चार दिशांनी काटे शिरतात. पुरुषांची पंगत आधी आणि वाढणारी शेवटी, ही रीत इथे पाळायची म्हटली तरी जमत नाही, कारण वाढणारा वेटर आहे आणि नूडल्स गार झाल्या की चिकटतात.

पहिला आक्षेप असा की हे खाणे धड चिनी नाही, धड आपले नाही. खरेच आहे. कोलकात्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसे वस्तीला आली. पुढे टांग्रा भागात चामड्याचे कारखाने चालवणाऱ्या हाक्का कुटुंबांनी तिथल्या जिभेला रुचेल असा स्वयंपाक घडवला. 1962 च्या युद्धात याच समाजातल्या हजारो निरपराधांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, हे हाक्का नूडल्स मागवताना कुणाच्या ध्यानीमनी नसते. मंचुरियनचे श्रेय कोलकात्याच्याच नेल्सन वाँग यांना दिले जाते. 1975 च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आपल्या फोडणीतला गरम मसाला वगळून सोया सॉस घातला, अशी हकीकत आहे. म्हणजे पदार्थ मुळातच महाराष्ट्रातला. आता शुद्धतेची हीच मोजपट्टी शेवभाजीला लावून पाहा. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातले. मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आली आणि आज नंदुरबारला तिच्या लाल पथाऱ्या पसरतात, दोंडाईचाला तिचा बाजार भरतो. त्या मिरचीला इथली म्हणायला आपण फार चौकशी केली नाही. पन्नास वर्षांच्या मंचुरियनचीच तेवढी जन्मपत्रिका का मागायची?

दुसरा आक्षेप तब्येतीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पण त्यातही नेमका गुन्हेगार ओळखायला हवा. अजिनोमोटोची धास्ती 1968 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रातून पसरली. पुढच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा तसा अपाय सातत्याने दिसून आला नाही. काळजी करायची ती लाल रंगाची आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची. कर्नाटकाने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्याच्या थोडे आधी गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्धच मोहीम उघडली. कर्नाटकाचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, म्हापशाचा आततायी. रंग काढता येतो, त्यासाठी पदार्थ हद्दपार करायची गरज नाही. गिऱ्हाइकाच्या हातातही थोडे आहेच. रंग नको असे सांगता येते, आणि भट्टी दर्शनी भागात असेल तर कढईतले तेल किती काळे झाले आहे ते येताजाताच दिसते. मीठ आणि मैदा मात्र राहतोच. हे रोजचे जेवण नव्हे, हे कबूलच करायला हवे.

तिसरा आक्षेप गोंगाटाचा. म्हाताऱ्यांना गाणी सोसत नाहीत, श्रावण पाळणाऱ्या काकूंना शेजारच्या टेबलावरचे चिकन लॉलीपॉप खुपते, जैन शेजारी बरोबर असले तर कांदा-लसणाचा प्रश्न येतो. यातल्या खाण्याच्या अडचणी असे हॉटेल बऱ्यापैकी निभावते. एकाच टेबलावर पनीर चिली, जैन फ्राईड राईस आणि नुसता दहीभात येऊ शकतो, आणि ज्याला भाकरीशिवाय चालत नाही त्याच्यासाठी बहुतेक मेनूकार्डांत शेवभाजीही असते. आवाजाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. शांत, मंद दिव्यांच्या हॉटेलात आपली माणसे अवघडतात. मूल रडले की आई ते घेऊन बाहेर जाते आणि तिचे जेवण गार होते. गलक्यात त्या रडण्याकडे कुणी वळून पाहत नाही. गाण्याचा आवाज थोडा कमी करायला सांगणे, स्पीकरपासून दूरचे टेबल मागणे एवढ्याने आजोबांचे भागते. शांततेत अवघडलेल्या सुनेसाठी असा कुठलाच उपाय नसतो.

राहिला पैशाचा मुद्दा. गाडीवर तीच प्लेट कितीतरी स्वस्त मिळते, मग हॉटेलात कशाला, हा सवाल रास्त आहे. तिथले जादा पैसे चवीचे नाहीतच. ते आजीला पाठ टेकायला मिळणाऱ्या खुर्चीचे आणि तासभर कुणी न उठवण्याचे आहेत. म्हणून शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेची वाटी आणि बिल पुढे सरकवणारे हॉटेल, मग त्याचे शेजवान कितीही झणझणीत असो, कुटुंबाने टाळावे.