देणगी, इमान, विसार

ग्रीक माणूस पत्राची सुरुवात ‘खाइरेइन’ या शब्दाने करी. अर्थ ‘आनंदात असा’. पण आपल्याकडच्या ‘सा. न. वि. वि.’सारखाच तो वापरून वापरून गुळगुळीत झालेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ख्रिस्ती प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत तो काढून त्याच्याच कुळातला ‘खारिस’ घातला आणि यहुद्यांचे ‘शालोम’ ग्रीक रूपात त्याला जोडले. ‘तुम्हांस कृपा व शांती असो’ हा चर्चमध्ये आजही ऐकू येणारा आशीर्वाद असा पत्राच्या मायन्यातून आला. ‘खारिस’चे मराठी बायबलातले रूप ‘कृपा’. ‘पिस्तिस’ म्हणजे विश्वास आणि ‘एल्पिस’ म्हणजे आशा हे त्याचे सोबती. तिन्ही शब्द आज देवघरातले वाटतात, पण त्यांचे मूळ बाजारात, दरबारात आणि घरगुती देण्याघेण्यात आहे.

रोमन जगात ‘खारिस’ म्हणजे उपकार, उपकारामागची मर्जी आणि उपकाराची जाणीवही. एकच शब्द देणाऱ्याच्या हातापासून घेणाऱ्याच्या आभारापर्यंत फिरून येई. धनिकाने आश्रितास द्यावे, आश्रिताने त्याचा लौकिक वाढवावा, यावर शहरे चालत. पौलाचा समकालीन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकारशास्त्रावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक आग्रह असा की, दान देण्याआधी घेणारा पात्र आहे का हे पारखावे. (याच सेनेकाचा भाऊ गॅलियो करिंथमध्ये प्रांताधिकारी असताना पौलाला त्याच्यापुढे उभे केले गेले होते. दोन विचारांची गाठ पडता पडता राहिली म्हणायची.)

पौलाने घाव घातला तो नेमका या पात्रतेवर. इ. स. 57च्या सुमारास करिंथहून रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, माणसे देवाची वैरी होती तेव्हाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. देणगी मोठी होती एवढेच त्याला सांगायचे नव्हते. ती भलत्याच पत्त्यावर गेली, हे त्याचे म्हणणे. ब्रिटिश अभ्यासक जॉन बार्कले यांनी 2015च्या ग्रंथात यावरच बोट ठेवले. पौलाची कृपा पात्रता पाहत नाही, पण ती ‘फुकट’ही नाही. घेणाऱ्याचे जगणे बदलावे अशी अपेक्षा तिच्यात असतेच. कृपा म्हणजे मोकळे रान, हा समज पौलाच्या हयातीतच निघाला होता आणि त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो खोडून काढला.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला हेच कामगारांच्या नाक्यावर आणून ठेवतो. पहाटे लावलेल्या मजुराला एक दिनार आणि दिवस मावळायला तास उरला असताना लावलेल्यालाही एक दिनार. पहाटेच्या मजुरांची तक्रार बारकाईने वाचावी. आपल्याला कमी मिळाले असे ते म्हणत नाहीत. मालकाने त्या उशिरा आलेल्यांना आपल्या बरोबरीला बसवले, हे त्यांना खुपते.

विश्वासाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तिचे बी हबक्कूक संदेष्ट्याच्या एका वचनात आहे. खास्दी सैन्य चालून येत असताना नीतिमान कशाच्या बळावर जगेल, तर ‘एमूना’च्या. हिब्रूतला हा शब्द मनातल्या मान्यतेपेक्षा ठामपणा सांगतो. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात दोघांनी धरून ठेवले आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले. तिथला ‘स्थिर’ हाच शब्द. ‘आमेन’ त्याच धातूचा. त्या धातूचा अरबी भाऊबंद फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘इमान’ झाला. इमानी नोकर, बेइमान मित्र असे म्हणताना मराठी माणूस, नकळत का होईना, हबक्कूकच्या बराच जवळ असतो.

पुढे एका सर्वनामाने घोटाळा केला. हिब्रू पाठात नीतिमान ‘आपल्या’ इमानाने जगतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात देव बोलतो आणि ‘माझ्या’ इमानाने असे म्हणतो. पौलाने ते वचन घेताना सर्वनामच गाळले. मग इमान कोणाचे, माणसाचे की देवाचे? मोकळी जागा त्याने जाणूनबुजून ठेवली असावी, असे मानायला त्याचे रोमकरांचे पत्रच आधार देते, कारण तिसऱ्या अध्यायात तो देवाच्या ‘पिस्तिस’बद्दलही बोलतो. 1947मध्ये मृत समुद्राकाठच्या गुहेत हबक्कूकवरचे एक यहुदी भाष्य सापडले. त्यात हेच वचन एका पंथगुरूवरच्या निष्ठेला लावलेले आहे. म्हणजे या ओळीवर हक्क सांगणारा पौल एकटा नव्हता.

अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा झाला, हे उत्पत्तीचे वचनही असेच दोघांनी ओढले. पौल तारखेकडे बोट दाखवतो: तेव्हा अब्राहामाची सुंताही झालेली नव्हती. याकोबाचे पत्र पुढच्या प्रसंगाकडे, इसहाकाला वेदीवर ठेवण्याकडे नेते आणि कृतीवाचून विश्वास मेलेला ठरवते. मार्टिन ल्यूथरने 1522च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताचे म्हटले. गंमत अशी की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच येतात, ते याकोबाच्याच पत्रात आणि तेही नकारासह. 1547मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक उत्तर दिले. ल्यूथरपंथी आणि कॅथलिक यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या थेट 31 ऑक्टोबर 1999ला, ऑग्सबर्गमध्ये. इमान या अर्थाने वाचले तर पौल आणि याकोब यांच्यातले अंतर बरेच कमी होते, कारण कृतीत न दिसणाऱ्या इमानाला मराठीत तरी कोणी इमान म्हणत नाही.

आशेला हिब्रूत ‘तिक्वा’ म्हणतात. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते. त्या दोरालाही तिथे ‘तिक्वा’च म्हटले आहे. शहर पडेल तेव्हा तो दोर पाहून तिचे घर वाचवायचे असा तिने लपवलेल्या इस्राएली हेरांशी तिचा करार होता. ग्रीक ‘एल्पिस’ मात्र तटस्थ. अपेक्षा बऱ्याची असो वा वाईटाची. पौलाने तिला बूड दिले. रोमकरांसच्या पाचव्या अध्यायात तो संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा अशी साखळी लावतो. कसाचा तो शब्द नाणी आणि धातू पारखण्याच्या व्यवहारातला. आशा इथे शेवटी येते, भोगून झाल्यावर. डोळ्यांसमोर असलेल्याची आशा कोणी करत नाही, हेही तो आठव्या अध्यायात बजावतो.

न दिसणाऱ्यावर भिस्त ठेवायची तर हाती काहीतरी हवे. इब्री लोकांस पत्र आशेला जिवाचा नांगर म्हणते; मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी शेत येते आणि मग गलबत. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या शिळांवर हा नांगर मृतांच्या नावांशेजारी कोरलेला दिसतो. पौल मात्र पुन्हा बाजारात जातो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो पवित्र आत्म्याला ‘अर्राबोन’ म्हणतो. मराठी बायबलाने त्यासाठी ‘विसार’ हा चोख शब्द घेतला आहे. विसार ही पुढे येणाऱ्या रकमेतलीच थोडी रक्कम. ती घेतली की सौदा पक्का, पण जमीन अजून ताब्यात आलेली नसते. ‘अर्राबोन’ ग्रीकांनी सेमिटिक व्यापाऱ्यांकडून उचलला. आजच्या ग्रीक भाषेत तो साखरपुड्यासाठी वापरतात.