वीतभर बांध

माणदेशात शाळूचं पीक हस्ताच्या पावसावर असतं. नवरात्राच्या आगेमागे दोन-तीन दमदार पाऊस झाले आणि रानानं ते पिऊन घेतले, की त्या ओलीवर ज्वारी हाताशी येते. पण रानानं पाणी प्यायचं तर ते अडवायला बांध लागतो.

तिथल्या एका उतारावर दोन रानं होती. वरचं आबांचं, खालचं तात्यांचं. मधे दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांबीचा बांध. दोघांच्या वडिलांनी घातलेला, बैलगाडी जाईल एवढा रुंद. नांगरताना आबांचा फाळ दरसाल बांधाला चार बोटं जास्त लागायचा. तात्याही खालून तेच करायचे. याला बांध कोरणं म्हणतात. कोरणाऱ्याला ती चोरी वाटत नाही, कारण एका सालात काही दिसत नाही. वीस सालांत बांध वीतभर उरला.

मग आबांच्या शेळ्या तात्यांच्या रानात शिरल्या. तात्यांनी त्या वीतभर बांधात खड्डे काढून खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. आबा म्हणाले, कुंपण माझ्यात दीड फूट आलंय. तात्या म्हणाले, उलट मीच जागा सोडलीय. बोलणं बंद झालं. एका घरच्या लग्नाला दुसऱ्या घरचं कुणी गेलं नाही. आबांनी तालुक्याला वकील गाठला.

दीड फूट रुंद आणि ३३० फूट लांब, म्हणजे ४९५ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा हे अर्धा गुंठाही नाही. त्यात शाळू पिकून पिकून पायली-दोन पायली. वकिलाकडे चार फेऱ्या मारल्या की तेवढी ज्वारी एसटीच्या तिकिटातच जाते. पण हा हिशेब आबांना कुणी सांगितला असता तर त्यांनी ऐकला नसता, आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. जमीन कुणी ज्वारीच्या भावानं मोजत नाही. शेजाऱ्यानं आपल्याला फसवलं, हेच माणसाला सोसत नाही.

हस्त लागला आणि एका रात्री पाऊस असा कोसळला की खांबांच्या खड्ड्यांपाशी बांधाला भगदाड पडलं. सकाळी बघतात तर आबांच्या रानातली वरची माती वाहून गेलेली, तात्यांच्या रानात घळ पडलेली, आणि तार खांबांसकट लोंबत असलेली. दोघं भगदाडाच्या दोन अंगांना मुक्यानं उभे राहिले.

तात्यांची म्हातारी आई काठी टेकत तिथवर आली. आबांना म्हणाली, "लेका, मोजणी करायची तर कर. पर अर्ज एकट्यानं करू नगंस. एका कागदावर दोगांच्या सह्या घाला. मग निघंल त्यो दगूड दोगांचा."

म्हातारी शाळेत गेली नव्हती, पण तिनं दुखणं बरोबर ओळखलं होतं. एकट्याच्या अर्जावर झालेल्या मोजणीत दुसऱ्याला मोजणीदारच फितलेला दिसतो. दोघं भूमी अभिलेखच्या कचेरीत एकाच एसटीनं गेले. वाटेत बोलले मात्र नाहीत.

मोजणी झाली. उगवतीच्या टोकाला आबांची नांगरट फूटभर तात्यांच्या हद्दीत होती. मावळतीच्या टोकाला तात्यांचं कुंपण फूटभर आबांच्या हद्दीत होतं. मोजणीदारानं खुणा करून दिल्या आणि सांगितलं, की १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दीच्या खुणा जपणं हे खातेदाराचंच काम आहे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "तात्या, माझ्याकडनं झालंय."

"माझ्याकडनंबी," तात्या म्हणाले.

सगळ्या भांडणात अवघड होती ती ही दोन वाक्यं. पुढचं काम फावड्या-घमेल्याचं होतं. हद्दीपासून दोन्हीकडे तीन-तीन फूट सोडून त्यांनी नवा बांध घातला. तार काढून टाकली आणि बांधावर घायपात लावलं. त्याच्या मुळ्या माती धरतात आणि दाट वाढलं की काट्यांतून शेळी जात नाही.

तीन फूट रुंद आणि ३३० फूट लांब, म्हणजे ९९० चौरस फूट. ज्या जागेसाठी दोघं कोर्टाची पायरी चढायला निघाले होते, तिच्या बरोबर दुप्पट जमीन प्रत्येकानं आपणहून बांधाला दिली.

पुढच्या हस्तात पाऊस तसाच कोसळला. बांध फुटला नाही.