पहिला चरण

जयनगर ही आखून वसवलेली वस्ती आहे. १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. तेव्हापासून ब्लॉक, मेन आणि क्रॉस यांच्या आकड्यांवरून बंगळूरच्या या भागात कोणाचेही घर शोधून काढता येते. घर सापडते, घरात काय आहे, ते त्या आकड्यांना ठाऊक नसते. चौथ्या टी ब्लॉकमधील एका घरी एका दिवंगत मराठी कवीच्या कागदपत्रांची सूची करण्यासाठी मी काही महिने जात होतो, तेव्हा ही साधी गोष्ट वारंवार मनात येई. कवी मूळचे बेळगावकडचे. नोकरीनिमित्त बंगळुरास आले आणि येथेच राहिले. त्यांचे नाव मी सांगणार नाही. त्याचे कारण या लेखाच्या विषयातच आहे.

दोन लोखंडी पेट्या होत्या. आत वह्या, सुटे कागद, पत्रे, पाठकोऱ्या लग्नपत्रिकांवर उतरवलेल्या ओळी, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यांत बांधलेली गाठोडी. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात, आणि तो शब्द मी सूचीत तसाच ठेवला. सूचीकाराचा पहिला मोह आवराआवरीचा असतो. कविता एकीकडे, पत्रे दुसरीकडे, बिले केराच्या टोपलीत. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने या मोहाविरुद्ध एक नियम घालून दिला : कागद ज्या क्रमाने लागलेले सापडले, तो क्रम शक्यतो मोडू नये. हा नियम कोरडा वाटतो. पण एक कविता विजेच्या बिलात घडी घालून ठेवलेली सापडली, तेव्हा त्याचा अर्थ मला कळला. कवितेवर तारीख नव्हती, बिलावर होती. बिल फेकले असते, तर त्या कवितेचा काळही त्याबरोबर गेला असता.

तरीही क्रम राखणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. एकाच कवितेची चार रूपे सापडली, तर त्यांपैकी एकापुढे 'अंतिम' आणि तिघांपुढे 'मसुदा' असे लिहिताना मी एक निर्णय दिलेला असतो. तो मागण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे विचारण्याची सोय कवीला राहिलेली नसते. आधुनिक मराठी कवितेचा आरंभच या प्रश्नाने झाला आहे. केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस वारले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. कविता 'काव्यरत्नावली', 'करमणूक' यांसारख्या नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. त्यांचे पुस्तक हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या मागे सिद्ध केले. ज्या कवीला आपण आधुनिकतेचा प्रवर्तक म्हणतो, त्याचे ग्रंथरूप असे दुसऱ्याच्या हातचे आहे. आपट्यांविषयी मला कृतज्ञतेखेरीज काही वाटत नाही. पण कवितांचा कोणता क्रम केशवसुतांनी स्वतः लावला असता, आणि कोणती कविता वगळली असती, हे प्रश्न त्या कृतज्ञतेने मिटत नाहीत.

कवीच्या कागदांविषयी आपल्या परंपरेची आद्य कथा मात्र याच्या उलट आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या. अरुण कोलटकरांनी २००३ मधील आपल्या संग्रहाला 'भिजकी वही' हे नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाला त्यामागची नदी सांगावी लागली नाही. त्या कथेत वह्या बुडाव्यात अशी इच्छा कवीची नव्हती. तो तर त्यांच्यासाठी अन्नपाणी सोडून काठावर बसला होता. वह्या वाचवणारा तेथे कवीच्या बाजूचा असतो. म्हणूनच, कागद वाचवला की आपण कवीच्याच पक्षाचे, असे आपण सहज गृहीत धरतो. कवी स्वतःच कागद पाण्यात सोडायला निघाला असेल, तर काठावरच्याने काय करावे, याचे उत्तर त्या कथेत नाही.

येथे ए. के. रामानुजन यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ते म्हैसूरचे, १९५०च्या दशकात बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकून अमेरिकेत गेले. आमच्या कवींनी तरुणपणी त्यांना बेळगावात पाहिले होते, असे त्यांची कन्या सांगे. १३ जुलै १९९३ रोजी रामानुजन शिकागोत अकस्मात निधन पावले. त्यांचे कागद तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. संगणकाच्या तबकड्यांवर उरलेल्या अप्रकाशित कवितांतून काही स्नेह्यांनी निवड केली, आणि ती १९९५च्या त्यांच्या समग्र इंग्रजी कवितेत समाविष्ट झाली. २०१९ मध्ये दैनंदिनीतील लेखन पुस्तकरूपाने आले. २०२३ मध्ये 'सोमा' हे पुस्तक निघाले. त्यातील सोमविषयक कविता कवीने १९७०च्या दशकात हाती घेतल्या होत्या, पण त्यांचे पुस्तक केले नव्हते. निधनानंतर तीस वर्षांनी त्या पेटीबाहेर आल्या. संपादकांपैकी एक त्यांचे पुत्रच आहेत, आणि काम साक्षेपाने झालेले आहे.

मी ते पुस्तक विकत घेतले आणि आनंदाने वाचले. तेव्हा अशा प्रकाशनाला सरसकट नाही म्हणण्याचा अधिकार मला उरत नाही. परंतु त्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद नेहमी केला जातो, तो मला पटत नाही. म्हणतात, कवीने कागद फाडले नाहीत, त्याअर्थी ते जगाने पाहावेत अशी त्याची मूक संमती होती. माणूस कागद ठेवतो तो काय केवळ संमतीपोटी? माझ्या आईने तिच्या आईच्या फुटक्या बांगड्या एका डबीत जपून ठेवल्या होत्या. त्या कोणाला दाखवण्यासाठी नव्हत्या, आणि टाकवतही नव्हत्या. न टाकवणे ही एक स्वतंत्र अवस्था आहे. तिचा अर्थ 'छापा' असा नाही आणि 'जाळा' असाही नाही.

काफ्काने तर स्पष्ट लिहून ठेवले होते की सर्व जाळावे. मित्र माक्स ब्रोड याने ते ऐकले नाही, आणि १९२४ नंतर जगाला काफ्का मिळाला. हे उदाहरण मात्र फार सोयीचे आहे. ब्रोडचा अवमान सार्थ ठरला तो कादंबऱ्यांच्या थोरवीमुळे. सामान्य कवीच्या वहीला तो बचाव मिळत नाही. आणि कागद थोर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी तो आधी वाचावाच लागतो.

दुसऱ्या पेटीच्या तळाशी दोऱ्याने शिवलेली एक वही होती. मुखपृष्ठावर कवीच्या अक्षरात दोनच शब्द : 'छापू नये'. आत त्यांच्या धाकट्या बहिणीविषयीच्या कविता. तरुणपणी ती घर सोडून गेली होती. ती का गेली आणि कोणामुळे, हे त्या कवितांत आडपडदा न ठेवता आलेले आहे. ती परत कशी आली, हे मात्र नाही. कवींचे सर्वांत चांगले लेखन त्या वहीत आहे, असे माझे मत आहे. ते येथे सांगितल्याने वहीचे कुतूहल वाढते, हे मला कळते. पण ते दडवले, तर माझा पेच खोटा ठरेल.

छापण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न नोंदीचा होता. हस्तलिखितांच्या सूचीत शीर्षक नसलेल्या कवितेपुढे तिचा पहिला चरण देण्याची रीत आहे. जुन्या बाडांच्या याद्याही अशाच केलेल्या आढळतात. या वहीतील कवितांना शीर्षके नव्हती. पहिले चरण लिहावेत, तर चौदाव्या कवितेच्या पहिल्याच चरणात एक नाव होते. सूची ग्रंथालयात ठेवली की तो चरण एका अर्थी छापलाच गेला. वहीच यादीतून गाळावी, तर ती कोणाच्या हिशेबी नाही, आणि जे हिशेबी नाही ते घर बदलताना रद्दीत जाते. शिवाय ती खोटी यादी झाली. १९५७चा स्वामित्वहक्काचा कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क कोणाचा, हे सांगतो. वहीत ज्याचे आयुष्य आहे, त्याचा तिच्यावर काही हक्क आहे का, हे तो सांगत नाही. कवींच्या कन्येचे म्हणणे होते की आता कोणाला काय वाटायचे राहिले आहे? पण ज्यांना वाटायचे, त्या हयात होत्या. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत.

मी नोंद केली ती अशी : 'शिवलेली वही. पाने ६२. कविता ३१. कवीची सूचना : छापू नये.' पहिल्या चरणाचा रकाना कोरा सोडला. एखादा विद्यार्थी उद्या या कोऱ्या रकान्याला दडपशाही म्हणेल. त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. वाचू देणे, उतरवून घेऊ देणे आणि छापू देणे या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. सूचीकाराने त्यांतली एकही कवीच्या वतीने देऊ नये आणि एकही कायमची नाकारू नये, एवढेच मला सुचले.

काम संपत आले, तेव्हा एका दुपारी अक्का आल्या. वय ऐंशीच्या पुढे. वही त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी ती उघडली नाही. शिवणीवरून बोट फिरवीत म्हणाल्या, "हा दोरा माझ्या पेटीतला. अण्णा न विचारता घ्यायचा." मग यादी मागितली आणि चष्मा सारून ती नोंद दोनदा वाचली. हे सारे पुढे कधी लिहिले तर चालेल का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "नाव घालू नकोस." आणि थोड्या वेळाने, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून : "इथे काय यायचं होतं?"

मी म्हणालो, "पहिली ओळ."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, "मी वाचल्यावर सांगते."