फळ मोजणारी सेवा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सर्वांत स्वस्त तपासणी व्हिनेगरने होते. सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. प्रयोगशाळा नको, डॉक्टरही नको. नीट शिकवलेली नर्सबाई पुरे, असा भरवसा होता. तो कितपत खरा, हे मराठवाड्यातच मोजलं गेलं.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर बायका. कुठल्या गटाला काय मिळणार, हे नशिबावर सोडलेलं: काहींना या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींना पेशी पाहणारी पॅप चाचणी, काहींना व्हिनेगर आणि उरलेल्यांना नेहमीची सरकारी आरोग्यसेवा तेवढी. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे जावेलाही न सांगणाऱ्या बाईला तपासणीच्या टेबलावर निजवायचं, हे काम कागदावर दिसतं तितकं सोपं नव्हतं. ते एएनएम ताईंनी, म्हणजे सहायक परिचारिका-सुईणींनी केलं.

निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तपासणी न झालेल्या भागात या कर्करोगाने ६४ बायका गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. व्हिनेगरच्या भागात ५६. ६४ आणि ५६ मधला हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे ताईंनी वर्षानुवर्षं राबून जे दाखवून दिलं, ते त्यांच्याच नजरेच्या विरोधात गेलं. (मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच व्हिनेगर तपासणी दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तपासणी एकदाच करून थांबायचं की पुन्हा पुन्हा करायची, यानेही फरक पडत असावा.)

आपल्याकडे सेवेचं कौतुक करताना गीतेचा आधार हटकून घेतला जातो: कर्म करावं, फळाची आशा धरू नये. परिचारिका दिनाच्या भाषणांत तर हे ठरलेलंच. संशोधन मात्र फळच मोजतं. किती जगल्या, किती गेल्या, कुणाचं दुखणं किती उतरलं, याची वही ठेवतं. मग संशोधन करणाऱ्या सिस्टरची सेवा सकाम झाली का?

फळाची आसक्ती सोडणं वेगळं आणि फळाकडे पाठ फिरवणं वेगळं. ‘मी मनापासून केलं, पुढचं देवाच्या हाती’ असं म्हणणाऱ्यात अहंकार नसेलच असं नाही. आपलं चुकत असेल ही शंकाच तिथे दाराबाहेर ठेवलेली असते. उलट, आपल्या हातचा उपाय निरुपयोगी निघाला तरी तसं लिहून द्यायची तयारी, ही खरी अनासक्ती. भाषणांत तिचा उल्लेख सहसा नसतो.

ज्ञानी माणसानेही कर्म सोडू नये, हे टिळकांनी ‘गीतारहस्या’त हिरिरीने मांडलं. राबणाऱ्याला ज्ञानाचा अधिकार आहे का, हा उलट बाजूचा प्रश्न. त्याचं उत्तर परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने कधीच देऊन ठेवलंय. नामदेवांच्या घरची ही दासी दळणकांडण करता करता अभंग रचत होती, आणि ते अभंग तिच्याच नावाने चालत आले. रुग्णालयांत एवढा मोठेपणा अजून रुळलेला नाही. ताप, वेदना, न खाल्लेलं जेवण यांची नोंद सिस्टर करते. शोधनिबंधावर नाव बहुधा दुसऱ्याचं.

अर्थात अनासक्तीने सगळंच सुटत नाही. त्या ६४ जणींचं काय? तपासणीने जीव वाचतो हे ठाऊक असताना एवढ्या बायकांना तुलनेसाठी वगळणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. त्या भागात आधीही तपासणी नव्हतीच, हा बचाव खरा आहे, पण पुरेसा नाही. ज्ञान सगळ्यांचं होतं आणि किंमत काहींनी मोजली, हा हिशेब कुठल्याच तत्त्वज्ञानात नीट बसत नाही.

मोजण्याची दुसरी रीतही आहे. अमेरिकेत रूथ मॅककॉर्कल या परिचारिका-संशोधिकेने शस्त्रक्रिया झालेल्या ३७५ वयस्क कर्करुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. उच्च प्रशिक्षित परिचारिका चार आठवडे काहींच्या घरी जात, फोन करत. बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळत होती, ती काढून घेतली नव्हती. आजार पुढे गेलेल्यांपैकी दोन वर्षांनी परिचारिकांच्या गटातले ६७ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ४० टक्के.

परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झालं. तरीही कर्करोगाच्या उपचारासाठी इथले कितीतरी लोक छत्रपती संभाजीनगरची किंवा मुंबईची गाडी धरतात. केमोच्या दोन फेऱ्यांमधल्या दिवसांत गावी काय घडतं, मॉर्फिनची गोळी वेळेवर मिळते का, सोयाबीनच्या काढणीत कोण उपचार अर्ध्यावर सोडतं, हे गावातल्या एएनएम ताईला विचारल्याशिवाय कळणार नाही. तिच्याकडच्या नोंदवह्या आजही भरलेल्याच असतात. त्यातून प्रश्न काढायला तिला कुणी शिकवावं लागेल, आणि अर्धा दिवस तरी मोकळा द्यावा लागेल.