घरी ऑक्सिजन कसा तयार करतात?

१९ एप्रिल २०२१, सोमवार. आदल्या दिवशी महाराष्ट्रात एकाच दिवसात ६८,६३१ नव्या कोरोनारुग्णांची नोंद झाली होती. सोमवारी केंद्र सरकारने जाहीर केलं, की १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस घेता येईल. त्याच दिवशी सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली. मंगळवारी दहावीची परीक्षा रद्द झाली. बुधवारी, रामनवमीच्या दिवशी, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरचे बावीस रुग्ण दगावले. गुरुवारी देशातला दिवसाचा आकडा तीन लाखांच्या पलीकडे गेल्याचं कळलं आणि रात्री आठपासून राज्यात निर्बंध आणखी कडक झाले. शुक्रवारी पहाटे विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. शनिवारी भरलेले टँकर नाशिकला पोचले. आणि वानखेडेवर, रिकाम्या प्रेक्षागृहापुढे, आयपीएलचे सामने चालूच होते.

बातम्यांचा इतका भरगच्च आठवडा मराठी माणसाने क्वचितच पाहिला असेल. त्या दिवसांत हातातल्या फोनला माणसं काय विचारत होती?

त्याचं उत्तर वर्षअखेरीस गूगलने प्रसिद्ध केलेल्या भारताच्या यादीत सापडतं. ‘कसं’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांत पहिला होता, कोविड लशीसाठी नोंदणी कशी करायची. दुसरा, लसीकरणाचं प्रमाणपत्र कसं डाउनलोड करायचं. तिसरा, ऑक्सिजनची पातळी कशी वाढवायची. आणि त्याच यादीत थोडं खाली एक प्रश्न होता, घरी ऑक्सिजन कसा तयार करायचा. ‘माझ्या जवळ’ या सदरात लस, चाचणी, ऑक्सिजन सिलिंडर, कोविड रुग्णालय, सीटी स्कॅन आणि डबा पोचवणारी सेवा. ‘म्हणजे काय’ या सदरात काळी बुरशी आणि रेमडेसिविर.

ही यादी सावकाश वाचली, की एक गोष्ट जाणवते. बातमीने सांगितलं होतं की ऑक्सिजन कमी पडतो आहे. आता आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८९ दिसतं आहे, तर पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं, हे बातमीने सांगितलं नव्हतं. शोधाच्या चौकटीत माणसं टाइप करतात तो हा उरलेला भाग. गडबडीच्या आठवड्यात लोक बातमी शोधत नाहीत, बातमी तर त्यांच्यावर येऊन आदळलेलीच असते. त्या बातमीचा आपल्या घराशी असलेला सांधा ते शोधत असतात.

घरी ऑक्सिजन तयार करता येत नाही. हवेत जेमतेम एकवीस टक्के ऑक्सिजन असतो. रुग्णालयात लागणारा शुद्ध ऑक्सिजन मोठ्या कारखान्यांत हवा अतिशय थंड करून, तिचा द्रव करून वेगळा काढतात. घरी वापरतात ते कॉन्सन्ट्रेटर यंत्र झिओलाइट नावाच्या खनिजाच्या मदतीने हवेतला नायट्रोजन अडवतं आणि उरलेला ऑक्सिजन पुढे पाठवतं. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही भांड्यात हे घडत नाही. पण ‘पातळी कशी वाढवायची’ या प्रश्नाला मात्र खरं उत्तर होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच गुरुवारी, २२ एप्रिलला, पालथं झोपण्याबद्दलची सूचनापत्रिका काढली. पातळी ९४च्या खाली गेली आणि रुग्ण घरी असेल, तर पोटावर निजवावं, उशा कुठे ठेवाव्यात, जेवल्यानंतर तासभर हे करू नये, अशी साधी माहिती त्यात चित्रांसह होती. तरीही घरोघरी व्हॉट्सअॅपवर आधी पोचली ती कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी. तिचा वास घेतला की ऑक्सिजन वाढतो, असा तो संदेश होता. प्रश्न एकच, उत्तरं दोन, आणि चुकीचं उत्तर जास्त वेगाने धावलं.

रेमडेसिविरचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच रुग्णालयातल्या कोविडरुग्णांसाठी या औषधाची शिफारस करता येत नाही, असं सांगितलं होतं. एप्रिलमध्ये मात्र त्याच्या एका कुपीसाठी नातेवाईक रात्ररात्र औषधांच्या दुकानांपुढे उभे होते. ‘रेमडेसिविर म्हणजे काय’ हा प्रश्न त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होता. डॉक्टरने चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, औषध काय आहे ते सांगायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून त्याने फोनला विचारलं.

बातमीच्या लाटेबरोबर प्रश्नांची लाट उठते, हे जगाला ठळकपणे दिसलं ते ११ सप्टेंबर २००१ रोजी. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा बातम्यांची संकेतस्थळं भाराने बंद पडली. लोक गूगलवर गेले आणि तिथे त्यांना जुनी पानं मिळाली, कारण त्या काळी गूगलची सूची ताजी व्हायला दिवसच्या दिवस लागत. कंपनीने मुखपृष्ठावरच बातम्यांचे दुवे चिकटवले. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले कृष्ण भरत तेव्हा गूगलमध्ये अभियंते होते. एकाच घटनेवरच्या अनेक वृत्तपत्रांच्या बातम्या एकत्र लावून दाखवणारी यंत्रणा त्यांनी उभारली आणि सप्टेंबर २००२मध्ये ‘गूगल न्यूज’ सुरू झालं. त्या २००१ सालात सर्वाधिक उसळी घेतलेला शब्द मात्र कुठल्या शहराचा किंवा नेत्याचा नव्हता. तो होता नॉस्ट्राडेमस. भविष्यवेत्त्याने हे आधीच सांगितलं होतं का, असं हादरलेली माणसं विचारत होती.

शब्दकोशवाल्यांनी हीच गोष्ट अधिक बारकाईने टिपली आहे. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टरच्या संपादकांना १९९७मध्ये, राजकन्या डायना गेली तेव्हा, ‘पापाराझी’ आणि अंत्ययात्रेसाठीचा ‘कोर्तेज’ हे शब्द पाहायला आलेल्यांची गर्दी दिसली. २००१च्या हल्ल्यानंतर आधी ढिगाऱ्याचा शब्द शोधला गेला, मग दहशतवादाचा. नंतर गर्दी झाली ती ‘सररिअल’ या शब्दावर. जे डोळ्यांसमोर घडतं आहे ते खरं वाटत नाही, या अवस्थेला नाव हवं होतं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला ‘पँडेमिक’ म्हटलं. त्या दिवशी हा शब्द कोशात पाहणाऱ्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच तारखेपेक्षा १,१५,८०६ टक्क्यांनी वाढलं होतं. साथ आणि महासाथ यांत फरक काय, हा प्रश्न आपल्याकडेही त्याच आठवड्यात घरोघरी विचारला गेला.

यंत्रालाही ही लाट ओळखू येत नाही, असं एकदा झालं. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन यांच्या मृत्यूची बातमी आली आणि एकाच नावाचे शोध इतके वाढले, की गूगलच्या यंत्रणेला तो कोणी केलेला हल्ला वाटला. सुमारे पंचवीस मिनिटं अनेकांना निकालांऐवजी दिलगिरीचं पान दिसत होतं.

माणसाच्या मनातले प्रश्न असे मोजता येतात म्हटल्यावर त्यांवरून निष्कर्ष काढायची घाई होते. तिथे सावध राहायला हवं. ‘गूगल ट्रेंड्स’वर दिसतो तो आलेख शून्य ते शंभर असा असतो. शंभर म्हणजे त्या काळातलं आणि त्या प्रदेशातलं सर्वोच्च प्रमाण, शोधांची संख्या नव्हे. वर्षअखेरीच्या याद्याही सर्वाधिक शोधांच्या नसतात. आधीच्या वर्षाच्या तुलनेत ज्यांनी उसळी घेतली त्यांच्या असतात. जून २०१६मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी संघाबद्दलच्या वाढत्या प्रश्नांत ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ हा दुसऱ्या क्रमांकावर असल्याचं गूगलने सांगितलं. मत दिल्यावर ब्रिटिशांना जाग आली, अशा बातम्या जगभर झळकल्या. किती लोकांनी विचारलं, त्यांनी मत दिलं होतं का, त्यांत शाळकरी मुलं किती, यातलं काहीच त्या आलेखात नव्हतं. एका देशाला अडाणी ठरवायला तेवढा पुरावा पुरेसा नव्हता.

गूगलची स्वतःचीही अशीच फसगत झाली. लोक फ्लूची लक्षणं शोधू लागले म्हणजे साथ आली, या तर्कावर २००८मध्ये ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू झालं. सुरुवातीला त्याचं फार कौतुक झालं. पुढे २०१२-१३च्या हिवाळ्यात त्याने प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त साथ दाखवली आणि २०१५मध्ये ते बंद झालं. एक मोठं कारण असं सांगितलं जातं, की वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर फ्लूच्या बातम्या आल्या, तशी धडधाकट माणसंही लक्षणं शोधू लागली. शोध म्हणजे ताप नव्हे. बातमी वाचून वाटणारी भीतीही त्यात मिसळलेली असते.

सगळेच प्रश्न भीतीचे किंवा गरजेचे असतात, असंही नाही. ऑगस्ट २०१६मध्ये पी. व्ही. सिंधू रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, तिने रौप्यपदक जिंकलं, आणि त्याच दिवसांत तिची जात कोणती हा शोध वर चढला. तेलंगण आणि आंध्र प्रदेश त्यात आघाडीवर होते. जुलै २०१८मध्ये आसामच्या हिमा दासने फिनलंडमध्ये वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत चारशे मीटरचं सुवर्ण मिळवलं, तेव्हाही तेच झालं. महाराष्ट्राने दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. ओळख होताच ‘आडनाव काय?’ असं विचारून मनात खाना ठरवण्याची सवय इथे जुनी आहे. चारचौघांत जे विचारायला जीभ अडखळते ते फोनला बिनदिक्कत विचारलं जातं, एवढंच. एका खेळाडूने वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवलेल्या पदकाचं श्रेय जन्माच्या खात्यावर मांडण्याची ही वृत्ती लाजिरवाणी आहे, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मात्र याद्यांमधला मोठा भाग लाजिरवाणा नाही, घरगुती आहे. २०२० साली टाळेबंदीत भारतीयांचा ‘कसं’चा पहिला प्रश्न होता, पनीर कसं करायचं. त्याच वर्षी ‘माझ्या जवळ’मध्ये पहिल्या क्रमांकावर होती जेवण मिळेल अशी निवाऱ्याची जागा, आणि रात्रनिवाऱ्याचा शोधही त्या यादीत होता. म्हणजे एका घरात पनीर शिकलं जात होतं आणि त्याच शहरात कोणीतरी पोटभर अन्न कुठे मिळेल हे विचारत होतं. २०२२ हे युक्रेनच्या युद्धाचं, लतादीदींच्या निधनाचं आणि महाराष्ट्रातल्या सत्तांतराचं वर्ष. त्या वर्षी ‘कसं’च्या यादीत वरच्या क्रमांकांत होतं पीटीआरसीचं चलन डाउनलोड करणं. नोकरांच्या पगारातून व्यवसायकर कापून भरणाऱ्या महाराष्ट्रातल्या दुकानदाराला आणि छोट्या कारखानदाराला हे नाव पाठ असतं. सरकारं पडली तरी त्या चलनाची मुदत टळत नाही.

या प्रश्नांना उत्तर देणारं तिकडे कोण आहे? मायक्रोसॉफ्टचे मायकेल गोलेबिव्स्की यांनी ‘डेटा व्हॉइड’ अशी संज्ञा सुचवली आणि संशोधक डॅना बॉइड यांच्यासह २०१८मध्ये तिच्यावर लिहिलं. एखादा शब्द अचानक शोधला जाऊ लागतो, पण त्यावर भरवशाची पानंच नसतात. अशी पोकळी सगळ्यांत आधी भरतात अफवा पसरवणारे, कारण त्यांना काही तपासायचं नसतं. इंग्रजीत असं काही तास होतं. मराठीत ती पोकळी कित्येक आठवडे तशीच राहू शकते.

उदाहरण फार लांबचं नाही. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी २८ एप्रिल २०२१ला खुली झाली आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांनी ती केली. ते संकेतस्थळ मराठीत आलं जूनच्या सुरुवातीला. मधल्या महिन्यात इंग्रजी येणाऱ्या, चपळ बोटांच्या शहरी तरुणांनी जवळच्या ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि गाड्या काढून तिथे जाऊन लस टोचून घेतली. गावातला माणूस आपल्याच केंद्राच्या दारात उभा राहून पाहत होता. त्या वर्षीच्या यादीत पहिला आलेला प्रश्न, नोंदणी कशी करायची, त्याचाही होता. त्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळालं नव्हतं.

ज्या भाषेत केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले, आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा संसार मांडला, तिला हे काम जड जायला नको. फक्त ते आता वेगाने करावं लागेल. म्युकरमायकोसिसवरची, म्हणजे काळ्या बुरशीवरची, नोंद आजार आला त्याच दिवशी हवी. वृत्तपत्रांनी मोठ्या बातमीच्या शेजारी रोज एक चौकट ठेवावी, वाचक आज काय विचारत आहेत आणि त्याचं तपासलेलं उत्तर काय. जिल्हा प्रशासनाने आदेश काढताना, त्याच कागदावर, त्याच दिवशी, साध्या मराठीत ‘म्हणजे तुम्ही काय करायचं’ हे लिहावं. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांना डॉक्टर, वकील, अभियंते यांनी आठवड्यातून एक तास द्यावा.

आणि वाचकांनी आपला प्रश्न मराठीत, देवनागरीत टाइप करावा. उत्तर मिळेल की नाही याची आज खात्री नसली, तरी तो विचारला गेल्याची नोंद राहते आणि उत्तर कुठे कमी पडतं आहे हे त्या नोंदीतूनच दिसतं. एखादं खरं उत्तर हाती लागलं, तर घरच्या ग्रुपवर ते पुरचुंडीच्या संदेशाआधी पाठवावं.