आजारी फुलाचे सौंदर्य

दुरंगी ट्यूलिप दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात पाकळीवरचा दुसरा रंग झाडाच्या स्वतःच्या जनुकांतून येतो. दुसऱ्यात तो विषाणूमुळे उमटतो. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या हौशी श्रीमंतांनी ज्या फुलांवर पैसा उधळला ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे आजारी फुले होती. या वस्तुस्थितीतून एक अवघड प्रश्न उभा राहतो: ज्याला सुंदर म्हटले ते रोगाचे लक्षण निघाले, तर ते सुंदर उरते का?

ट्यूलिपच्या पाकळीचा तळरंग पांढरा किंवा पिवळा असतो. वरच्या पेशीथरात अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार झाले की त्यावर लाल किंवा जांभळी छटा चढते. विषाणूची लागण झालेल्या फुलात हे द्रव्य सगळीकडे सारखे तयार होत नाही. जिथे ते कमी पडते तिथे तळरंग उघडा पडतो, जिथे साचते तिथे रंग आणखी गडद होतो. कडेला पिसासारख्या बारीक रेघा आणि मधोमध ज्वाळा दिसतात त्या अशा. एका फुलाची नक्षी दुसऱ्यात तंतोतंत उतरत नाही. हा विषाणू मावा पसरवतो, आणि तो कंदात शिरला की कंदाला फुटणाऱ्या पिल्लांतही जातो. बियांतून मात्र तो जात नाही. त्यामुळे अशा फुलाचे बी पेरून पाच-सात वर्षे वाट पाहिली, तरी हाती येतात ती साध्या रंगाची फुले. १५९३ मध्ये लायडन विद्यापीठात आलेल्या कारोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे कंद उत्तरोत्तर खंगत जातात हे हेरले होते. कारण मात्र १९२८ मध्ये हाती लागले. इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली यांनी रंग फुटलेल्या कंदाचा भाग निरोगी कंदाला जोडून तेच रंग दुसऱ्या झाडात उतरवून दाखवले. याच विषाणूच्या गणातला आणि माव्यावाटेच पसरणारा दुसरा एक विषाणू महाराष्ट्रातल्या पपईच्या बागा उजाड करतो. पपईवरच्या त्या वर्तुळाकार डागांना कुणी नक्षी म्हणत नाही.

रोगाच्या लक्षणाला सुंदर म्हणावे का, या प्रश्नाचे एक उत्तर ख्रिस्ती परंपरेत आधीच तयार होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने सौंदर्याच्या तीन अटी सांगितल्या: पूर्णत्व, प्रमाणबद्धता आणि तेज. ज्यात काही उणे आहे ते उणेपणामुळेच कुरूप, असे त्याचे मत. या कसोटीवर विषाणूग्रस्त ट्यूलिप अडचणीचा ठरतो. तेजात तो कुणाला हार जाणार नाही, पण पूर्णत्व त्याच्यापाशी नाही. त्याचे रंग रंगद्रव्याच्या तुटवड्यातूनच आले आहेत. म्हणजे तिसरी अट पुरी होते ती पहिली मोडल्यामुळे.

हॉलंडमधल्या प्रोटेस्टंट उपदेशकांना हा पेच पडला नाही, कारण फूल आजारी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांचा रोख लोभावर होता. ‘सेम्पर ऑगस्टस’ या तांबड्या-पांढऱ्या जातीच्या एका कंदाला हजारो गिल्डर मोजण्याची भाषा होत होती, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत बाजार कोसळला तेव्हा उपहासाच्या पत्रकांचा पूर आला. त्या पत्रकांमुळेच या पडझडीच्या कथा वास्तवापेक्षा फुगल्या, असे इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी दाखवून दिले आहे. चित्रकारांनी मात्र कवटी आणि वाळूच्या घड्याळाशेजारी ट्यूलिप ठेवून आयुष्याची क्षणभंगुरता सुचवली. त्यांनी पट्टेदार फूल निवडले तेव्हा ते प्रतीक त्यांच्या कल्पनेपेक्षा नेमके होते: ते फूल खरोखरच मरणपंथाला लागलेले असे.

या प्रश्नाला सर्वांत उपयोगी हत्यार इमॅन्युएल कांटने दिले. १७९० च्या ‘निर्णयशक्तीची मीमांसा’ या ग्रंथात ट्यूलिप एकाहून अधिक वेळा येतो. त्याच्या मते सगळे ट्यूलिप सुंदर असतात हे विधान तर्काचे आहे. रुचीचा निर्णय नेहमी समोरच्या एका फुलाविषयी असतो. शिवाय फूल हे वनस्पतीचे जननेंद्रिय आहे हे जाणणारा वनस्पतिशास्त्रज्ञही सौंदर्य ठरवताना त्या हेतूचा विचार बाजूला ठेवतो. हेतू बाजूला ठेवता येत असेल तर आरोग्यही ठेवता येईल. तेव्हा १९२८ नंतरही पट्टेदार ट्यूलिप पूर्वीइतकाच सुंदर आहे, असे म्हणणे भाग पडते. शोधाने निर्णय बदलत नाही, बदलते ती जबाबदारी. डोळ्यांना सुखावणारी गोष्ट आपल्या वाफ्यात राखली तर शेजारच्या वाफ्याला काय लागेल, हा प्रश्न नीतीचा आहे आणि तो रुचीच्या निर्णयात मिसळू नये. सौंदर्याचे श्रेय कुणाचे, हे मात्र कांटच्या चौकटीत सुटत नाही. ते झाडाचे म्हणावे तर बियांत उतरत नाही. विषाणूचे म्हणावे तर पपईवर दिसत नाही.

मग निरोगी दुरंगी ट्यूलिप ही नक्कल ठरते का? कांटनेच एक किस्सा सांगितला आहे: झुडपात लपवलेला पोरगा कोकिळकंठी नाइटिंगेल पक्ष्याचा आवाज काढत होता हे कळताच पाहुण्यांचा रस संपतो. पण हा दाखला इथे लागू पडत नाही. ‘काइजर्सक्रून’ ही पिवळ्या काठाची तांबडी जात १७५० पासून लागवडीत आहे, कांटच्या ग्रंथापेक्षाही जुनी. तिने कुणाचाही आवाज काढलेला नाही. ‘कार्नाव्हाल द नीस’सारख्या नंतरच्या जातींवर पांढऱ्यात लाल रेघा येतात, आणि दर वसंतात साधारण तशाच येतात. उणीव असलीच तर ती म्हणजे ही खात्रीच. पुढच्या वर्षी काय उमटेल हे ठाऊक नसण्यात जुन्या फुलाची निम्मी ओढ होती.

थंड हवेच्या प्रदेशात वसंतातल्या कडेच्या वाफ्यांसाठी या निरोगी जाती लावणेच रास्त. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत सुमारे १५ सेंमी खोल पुरतात. बारा ते सोळा आठवड्यांची थंडी मिळाली की ते नीट फुलतात. फुलदाणीसाठी कळीवर रंग चढू लागताच दांडा कापतात, कारण कापल्यावरही तो पाण्यात वाढत राहतो आणि उजेडाकडे वाकतो. डच कंदबागांत पट्टे फुटलेले संशयास्पद झाड दिसले की उपटून टाकतात. इंग्लंडमध्ये १८३६ पासून चालत आलेली वेकफिल्डची ट्यूलिप संस्था मात्र विषाणूग्रस्त फुले मुद्दाम जोपासते आणि वार्षिक प्रदर्शनात बिअरच्या बाटल्यांत मांडते. तिथे एकरंगी निरोगी फुलांचा वर्ग वेगळा असतो. हौशी बागवान दोन्ही लावत असेल तर वाफे दूर ठेवावे लागतात आणि मावा आटोक्यात ठेवावा लागतो.